आता क्लचप्लेट कुठून आणायची?

विलेपार्ले, मुंबई

प्रिय निमा,

तुझा मेसेज मिळाला. "मुंबईतल्या सगळ्या फियाट टॅक्सी गेल्या म्हणे! तुझी आहे का गं अजून, की तीही गेली?" आणि पुढे तीन रडके चेहरे. एवढ्याचं उत्तर अंगठ्याने टाइप करायचं तर अंगठा सुजेल, म्हणून आपली जुनी पद्धत बरी. तुमच्या ॲडलेडला आता वसंत लागला असेल. इथे ऑक्टोबरचा उकाडा, पंखा डोक्यावर गरगरतोय तरी कागद हाताला चिकटतोय. चहा करून घे आणि सावकाश वाच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आहे. चालते. परवाच मी आणि वन्सं तिच्यातून सिद्धिविनायकाला जाऊन आलो. माहीमच्या सिग्नलला बाइकवरचा एक पोरगा वाकून म्हणाला, "आंटी, बेचना है क्या?" मी विचारलं, घेऊन करणार काय? म्हणाला, शूटिंगला भाड्याने देणार. त्याआधी एका कॅफेवाल्याला हवी होती, दारात उभी करून आत झाडं लावायला. हे नवीनच आहे बघ. पूर्वी लोक गाडी मागायचे ती चालवायला. आता मागतात ती उभी करायला.

आता पहिला प्रश्न. तेही खरंच आहे. टॅक्सी म्हणून पासिंग झालेली शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. म्हणजे २०२३च्या ऑक्टोबरात तिची मुदत संपली आणि ३० तारखेपासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी राहिली नाही. गंमत बघ, त्याच्या दीडच महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेलची डबलडेकर शेवटची धावली होती. त्यामुळे वर्तमानपत्रांनी दोघींचं तेरावं एकदमच घातलं. फोटो, आठवणी, "एका युगाचा अंत". टॅक्सी युनियनने तर निदान एक पद्मिनी तरी जपून ठेवा म्हणून सरकारकडे मागणी केली. ज्यांनी गेली पंधरा वर्षं एसी गाडीशिवाय पाय बाहेर ठेवला नाही, त्यांनी सर्वांत जास्त उसासे टाकले. मी कुणाला काही बोलले नाही. पण खरं सांगू? त्या सगळ्या गलबल्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आता क्लचप्लेट कुठून आणायची?

हसू नकोस. माझ्यासारख्या जेवढ्या म्हणून खाजगी पद्मिनी मुंबई-पुण्यात अजून चालताहेत, त्या इतकी वर्षं चालल्या त्या आमच्या प्रेमामुळे नव्हेत. त्या टॅक्सींच्या जिवावर चालल्या. टॅक्सी दिवसपाळी आणि रातपाळी अशी दोन ड्रायव्हरांच्या हाताखाली पळणार, पावलोपावली सिग्नल, सारखा क्लच दाबायचा, खड्ड्यांतून गाडी काढायची. क्लचप्लेटा, ब्रेक लायनिंग, किंगपिनचे बुश सगळं सारखं झिजणार आणि सारखं बदलावं लागणार. नव्वदीच्या दशकात शहरात साठ हजारांच्या घरात टॅक्सी होत्या आणि त्यात बहुतेक सगळ्या फियाटच. एवढं मोठं गिऱ्हाईक असल्यावर ऑपेरा हाऊसचे स्पेअर पार्टवाले माल भरून ठेवणारच. आमच्यासारखं कुणी वर्षा-दोन वर्षांतून एकदा गेलं की दुकानदार न उठता, मागच्या फळीवरून हात घालून डबी काढून द्यायचा. तो माल आमच्यासाठी नव्हता गं. आम्ही दुसऱ्याच्या पंगतीत बसून जेवत होतो आणि घर आपलंच समजत होतो.

त्यात आणखी एक मजा झाली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. २००८मध्ये टॅक्सीला पंचवीस वर्षांची मर्यादा आली, २०१३मध्ये ती वीसवर आली. धडाधड गाड्या भंगारात निघाल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारवाल्यांकडे पद्मिनीचे दरवाजे एकावर एक रचलेले असायचे. त्या वर्षांत आम्ही खाजगी मालकांनी चैन केली! बंपर हवा? घ्या. मागचे पाटे? घ्या. गिअरबॉक्स? आख्खी घेऊन जा, सुटे भाग काढत बसू नका. गाड्या मरत होत्या आणि मागे राहिलेल्यांना स्वस्ताई आली होती. मी तेव्हाच दोन त्रिकोणी काचा, एक डायनॅमो आणि ते पुढचं क्रोमचं झाकण घेऊन माळ्यावर टाकून ठेवलं. ह्यांनी विचारलं, हे काय लोणचं घालायचंय? आज ते झाकण मागायला लोक पुण्याहून फोन करतात. पुढे भंगारही आटलं. गाड्याच नाहीत तर मोडायच्या कुठून?

तुला यातलं अर्धं माहीत असेल, कारण तुझे नाना प्रीमियरमध्ये. कुर्ल्याच्या कारखान्यातून ते पेंट शॉपचा वास घेऊन घरी यायचे आणि तुझी आई त्यांना आधी मोरीत पाठवायची, आठवतं? मला मात्र त्या कारखान्याची हकीकत फार उशिरा कळली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी मोटारी इथेच बनवायचं मनावर घेतलं होतं. इंग्रजांनी त्यांना बराच काळ दाद दिली नाही, तेवढ्यात विमानाचा कारखाना बंगळूरला आणि जहाजाचा विशाखापट्टणला उभा करून झाला. प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ची. आधी डॉज आणि प्लिमथ जोडायचे, मग पन्नाशीच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी करार झाला. आपल्या लहानपणी जिला सगळे सरळ 'डुक्कर फियाट' म्हणायचे, ती गोलमटोल गाडी त्याच घराण्यातली. तुझ्या मामांची होती बघ, दादरला. पुढे १९६४मध्ये ११००डी आली, चौकोनी, जरा नीटस. हीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. पाटी बदलली, पण गिरगावात कुणी कधी पद्मिनी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. फियाट ती फियाट. मीही याच पत्रात कधी हे तर कधी ते लिहितेय, समजून घे.

मुंबईच्या टॅक्सीत ही आणि कोलकात्याच्या टॅक्सीत ॲम्बेसेडर, हे का, असं मागे तू विचारलं होतंस. एक तर गाडी जन्माला यायची ती कुर्ल्यात, म्हणजे घरचंच लेकरू. आणि दुसरं, ॲम्बेसेडर अंगाने मोठी. भुलेश्वरच्या गल्लीत ती वळवून दाखवावी कुणी! फियाटचं इंजिन १०८९ सीसी, जोर चाळीस-बेचाळीस अश्वशक्तीचा, पण शहरात तेवढा पुरायचा आणि पेट्रोलही बेताचं लागायचं. गिअर स्टिअरिंगखाली, त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी. ड्रायव्हरशेजारी दोघं मावायची. आपण बारावीचा पेपर सुटल्यावर धो धो पावसात किती जणी कोंबून गेलो होतो, त्याचा हिशेब नको.

टॅक्सीचं मीटर आठवतं? बाहेर, डाव्या बाजूला, पावसात भिजत. ड्रायव्हर खिडकीतून हात लांब करून तो दांडा फिरवायचा आणि टिंग वाजायचं. मग उतरताना कार्ड काढून भावाचा गुणाकार. माझ्या आईला ते कार्ड पाठ होतं आणि ड्रायव्हरला ते माहीत असायचं! आणि काच वरखाली करायची मूठ? ती ड्रायव्हरच्या खिशात. पाऊस आला की तो मागे हात करून मूठ द्यायचा, आपण काच वर करायची आणि मूठ परत करायची. हे मी माझ्या नातवाला सांगितलं तर त्याला वाटलं आजी गोष्ट रचतेय.

पण टॅक्सीवाल्यांना तिच्याविषयी लळा होता असं जे छापून येतं, ते मला थोडं जास्तच वाटतं. कमरेत पट्टा बांधून, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली, पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी दहा-बारा तास ओढायची म्हणजे चेष्टा नाही. सीएनजी आल्यावर डिकीत नळकांडं बसलं, मग गिऱ्हाइकाचं सामान कॅरिअरवर चढवायचं तेही ड्रायव्हरनेच. वॅगन आर आणि सँट्रो टॅक्सीत यायला लागल्या तेव्हा गिऱ्हाईकही आधी त्यांनाच हात करायचं. लळा असला तर जुन्या गाडीचा हप्ता फिटलेला असतो या गोष्टीचा. तो लळा मला पटतो.

आमच्याकडची १९८४ची. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नंबर लावला तेव्हा हे कॉलेजात होते. गाडी दारात आली तेव्हा मी लग्न होऊन या घरात आले होते. तेव्हाचा कारभारच तसा होता. ॲम्बेसेडर किंवा फियाट, नाहीतर स्टँडर्ड, यापलीकडे मिळत काय होतं? किंमत सरकार ठरवणार, गाड्या मोजक्या निघणार, मग वर्षानुवर्षं रांग. नवी गाडी ताब्यात घेऊन दुसऱ्या दिवशी विकली तर वर पैसे सुटायचे, म्हणून काही लोक फक्त नंबर लावायचाच धंदा करायचे. आणि आमच्या अण्णांचा नंबर लागेपर्यंत १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आलीसुद्धा! शेजारच्या वकिलांनी सांगितलं, थांबा, मारुती घ्या. अण्णा म्हणाले, "एवढी वर्षं थांबलो ती काय दुसरीच घ्यायला?" सरळमार्गी माणूस. पंतप्रधान झाल्यावर लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली होती, बारा हजारांची, त्यातले पाच हजार बँकेचं कर्ज काढून. ते गेल्यावर ते कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ही हकीकत अण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि वर पुस्ती जोडायचे की मी मात्र रोख दिले. शास्त्रीजींची ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात आहे अजून.

अण्णांची एक लांबट वही आहे, किराणा दुकानदार ठेवतात तसली, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. त्यात पेट्रोल भरलेल्या प्रत्येक वेळची नोंद. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटच्या रकान्यात 'सरासरी'. बाराच्या खाली गेली की पुढे लाल शाईने 'प्लग पाहणे'. एका पानावर फक्त 'घाट, पाणी, शिंगरोबा' एवढंच. तुला कळेलच. जुन्या रस्त्याने पुण्याला जाताना बोरघाटात गाडी तापायची, पेट्रोलची वाफ होऊन पंप अडायचा, की बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि तोवर शिंगरोबाच्या देवळात नाणं वाहून यायचं. फडकं वाळेपर्यंत गाडी सुरू. देवाने केलं की फडक्याने, हा वाद अण्णा आणि सासूबाई खंडाळ्यापर्यंत घालायचे. अण्णा गेल्यावर वही मी पुढे चालू ठेवली. लाल शाई काही सापडत नाही, म्हणून मी चौकट करते.

बरं, क्लचप्लेटचं काय झालं ते राहिलंच. मागच्या पावसाळ्यात चढावर गाडी नुसती गुरगुरायला लागली, पुढे काही सरकेना. क्लच घसरतोय हे मलाही कळलं. आमचे मिस्त्री ग्रँट रोडच्या बाजूला बसतात, वय माझ्यापेक्षा जास्त, आयुष्य फियाटमध्ये गेलं. गाडीला हात लावायच्या आधी ते पाच मिनिटं नुसतं ऐकतात. त्यांचा पुतण्या जवळच राहतो, तो ॲपवर एर्टिगा चालवतो आणि तिचं बॉनेट त्याने स्वतः कधी उघडलेलं नाही. उघडायची गरजच पडत नाही म्हणतो. खोटं नाही ते.

मिस्त्रींनी दोन दुकानांत फोन केला. एकाकडे प्लेट नव्हती. दुसऱ्याकडे होती, पण हातात घेतल्यावर मिस्त्रींनी ती अंगठ्याने खरवडली आणि परत केली. कारण विचारलं तर म्हणाले, "ये प्लेट नहीं, पापड है." दिल्लीच्या कश्मिरी गेटकडून मागवता येते, पण तिथले लोक एक-दोन नगाला दाद देत नाहीत, आणि आम्ही एक-दोनच! शेवटी आमचीच जुनी प्लेट त्यांनी उतरवली. झिजलेलं लायनिंग काढलं, रिबिटांची भोकं साफ केली, नवीन लायनिंगचा पट्टा मापाने कापून आणला आणि एकेक रिबिट हातोडीने बसवला. मी स्टुलावर बसून बघत होते. प्रत्येक रिबिट ठोकल्यावर ते त्यावरून नख फिरवत होते, डोकं जराही वर आलेलं चालत नाही, नाहीतर ते प्रेशर प्लेटवर रेघ ओढतं. शेवटी प्लेट बोटावर तोलून धरली, कुठल्या बाजूला झुकते ते पाहिलं, कानशीने अगदी कणभर घासली. किंगपिनचे बुश तर आता सरळ लेथवर करूनच घ्यायचे असतात. म्हणजे कारखान्यातून सुटलेली गाडी हळूहळू हातमागावर आलीय म्हण.

आणि असं करणारे हात किती उरलेत? डिस्ट्रीब्यूटरच्या पॉइंटचा गॅप नुसत्या लग्नपत्रिकेचा कागद घालून लावणारा माणूस, कार्बोरेटर खोलून जेट तोंडाने फुंकणारा माणूस, हे लोक टॅक्सीवर पोट भरायचे. रोज पाच टॅक्सी यायच्या तेव्हा गॅरेज चालायचं. आता महिन्याला दोन म्हाताऱ्या पारशी बावाजींच्या, एक माझी आणि एखादी सिनेमावाल्यांची, एवढ्यावर भाडं कुठून निघणार? गाड्या किती उरल्या हे सगळे मोजतात. मिस्त्री किती उरले हे कुणी मोजत नाही, आणि गाडीचं आयुष्य ठरतं ते त्या आकड्यावर.

शिवाय पेट्रोल. हे तुमच्याकडेही आहे का मला माहीत नाही, इथे आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. देशाच्या दृष्टीने ठीकच असेल. पण १९८४ची रबराची नळी आणि पंपातला पडदा यांना ते मानवत नाही, नळ्या मऊ पडतात, चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी महिनाभर उभी ठेवली की टाकी आतून गंजायला लागते. आधी शिशाचं पेट्रोल गेलं, २००० साली, तेव्हाही व्हॉल्व्हचं काय होणार म्हणून सगळे घाबरले होते आणि त्यातून निभावलं. यातूनही निभावेल. पण निभावायला सुटा भाग लागतो, आणि पुन्हा गाडी त्याच दुकानात येते.

कागदपत्रांचं ऐक, तुला यात रस आहे म्हणून. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडी फिटनेसला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, नोंदणी पुढे चालू करायची. पूर्वी या नूतनीकरणाची फी सहाशे होती, २०२२च्या एप्रिलपासून पाच हजार झाली, पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढवली. मला त्यात अन्याय वाटत नाही. गाडी धूर सोडते, एअरबॅग नाही, मागे पट्टे नाहीत, सून नातवाला तिच्यात बसू देत नाही आणि सुनेचं बरोबर आहे. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायलाच बंदी आली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तिथल्या फियाट त्यामुळे केव्हाच गेल्या. आपण महाराष्ट्रात म्हणून टिकलो.

आता दुसरीकडे काय झालं बघ. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, दहा वर्षांची नोंदणी, पाटीवर 'व्हीए' अशी खास अक्षरं. पहिल्या पद्मिनी १९७४च्या, म्हणजे २०२४पासून त्या या मानाच्या पंगतीत बसायला लागल्या. आमची २०३४मध्ये बसेल. सगळे म्हणाले, अरे वा! पण नियम पुढे वाच. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यासाठीच. म्हणजे भाजी आणायला न्यायची नाही, वन्संना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं नाही. वयामुळे एक तर भंगारात जा, नाहीतर मखरात बस. मधली जी जागा होती, म्हातारी झाली तरी कामाला येणारी गाडी, ती जागा कागदावर आक्रसत चालली आहे. आणि मला तर तेवढीच हवी आहे. पूजा करायला माझ्याकडे देव आहेत.

नाना असते तर म्हणाले असते, बाई, कारखानाच राहिला नाही आणि तू प्लेटा कसल्या शोधतेस? खरंच राहिला नाही. पद्मिनी बंद झाली २००० सालाच्या सुमारास. एकीकडे मारुती आणि मागून आलेल्या कोरियन गाड्या, दुसरीकडे धुराचे नवे नियम, आत संप, डॉक्टर सामंतांच्या युनियनचे दिवस. नानांच्या तोंडून त्याच्या दोन्ही बाजू ऐकल्यात आपण, त्यांचा मूड असेल तशी. त्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी उभी आहे, काचेच्या इमारती, कॉलेज, दुकानं. मागे भाचीला तिथल्या हॉस्पिटलात दाखवायला गेले तेव्हा वॉचमन म्हणाला, गाडी आत नका घेऊ, जागा नाही. मी त्याला म्हटलं, अरे, ही इथलीच आहे! त्याला काय कळणार. पण सोडली बिचाऱ्याने.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुला पत्र लिहिण्यामागे माझा स्वार्थ आहे.

तुझ्याच गावात, एलिझाबेथला, होल्डनचा कारखाना २०१७च्या ऑक्टोबरात बंद झाला ना? तू तेव्हा लिहिलं होतंस की शेजारचा माणूस ढसाढसा रडला. त्याची कमोडोर अजून चालतेय, तुझ्याच फोटोत मागे दिसते. त्याचं बरं आहे, तशा हजारो गाड्या तिकडे रस्त्यावर आहेत, म्हणजे दुकानं चालू आहेत. त्याला अजून दहा-पंधरा वर्षं काळजी नाही. पण त्यालाच विचार की माल साठवायला केव्हा सुरुवात करतोस? माझा सल्ला सांग, शेजाऱ्यांच्या गाड्या भंगारात जाताहेत तोवरच उचल. नंतर चढाओढ फार होते.

आणि दुसरं. तुमच्याकडे इटलीतून आलेली माणसं पुष्कळ, फियाट ११०० तिकडे विकली जायची. कुणी म्हातारा सिन्योर ती गाडी गॅरेजात झाकून ठेवत असेलच, आणि असल्या लोकांची आपापसांत मंडळं असतात. त्यांना विचार, ११००डी किंवा त्याच घरातल्या गाडीच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्यांचा संच इथेनॉल चालेल असा मिळतो का. इटलीत अजून असले सुटे भाग करणारे लोक आहेत असं मिस्त्री छातीठोक सांगतात. ते कुर्ल्याच्या पलीकडे कधी गेले नाहीत, पण फियाटच्या बाबतीत मी त्यांचं ऐकते. क्लचप्लेट मिळाली तर तीही. जड असते, तरी हातसामानात नको, विमानतळावर ती काय वस्तू आहे हे समजावताना तुझी फ्लाइट जाईल. मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत गुंडाळून आण.

डिसेंबरात येताय ना नक्की? मग मी विमानतळावर फियाट घेऊन येते. तुझ्या नवऱ्याला सांग, बॅगा दोनच आणा. एसी नाही, पण डिसेंबरात लागत नाही, त्रिकोणी काच उघडली की वारं थेट तोंडावर येतं. पुढच्या सीटवर आपण तिघं मावतो का ते बघू, तू मागच्या खेपेला म्हणत होतीस की वजन उतरवलंयस.

सगळ्यांना आशीर्वाद. नातीचा नाचाचा व्हिडिओ बघितला, पाय छान पडतात, हात अजून सैल आहेत, मावशीने सांगितलं म्हणून सांग.

तुझी,
शुभा

ता. क. : कुणी भाग दाखवला तर पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून मला पाठव, शेजारी पट्टी ठेवून. मिस्त्रींना दाखवते. त्यांनी हो म्हटलं तरच घे. आणि एक नको, दोन घे, पुण्यातले एक गृहस्थ माझ्या माळ्यावरच्या झाकणाच्या बदल्यात दुसरा घ्यायला तयार आहेत.